संगणकावरील रुग्णपत्रक : किती लिहावे आणि कोणासाठी लिहावे

संगणकावर रुग्णनोंद ठेवावी किंवा नाही, हा वाद आता जवळजवळ संपला आहे. १५ ऑगस्ट २०२० रोजी सहा केंद्रशासित प्रदेशांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेले राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियान २७ सप्टेंबर २०२१ पासून ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ या नावाने देशभर लागू झाले. रुग्णाचा १४ अंकी ‘आभा’ क्रमांक, चिकित्सकांची नोंदवही आणि रुग्णालये-औषधालयांची नोंदवही ही त्याची मुख्य अंगे होत. त्यांत आयुर्वेदीय चिकित्सकास अन्य पद्धतींच्या चिकित्सकांबरोबरीने स्थान आहे. आयुष मंत्रालयाची स्वतंत्र रुग्णालय-व्यवस्थापन प्रणालीही आहे. तेव्हा आज ना उद्या प्रत्येकाच्या मेजावर संगणक येणारच आहे, आणि पुष्कळांच्या मेजावर तो आलाही आहे.

आता उरलेला प्रश्न अधिक व्यवहाराचा आहे. आमच्या व्यवसायबंधूंची तक्रार सर्वत्र एकच ऐकू येते : लिहिण्यातच वेळ जातो, मग नाडी केव्हा पाहावयाची आणि जिव्हा केव्हा पाहावयाची? तक्रार खरी आहे. परंतु हा वेळ नेमका कोठे जातो हे पाहिले, तर त्याचा मोठा भाग पुन्हा कोणीही न वाचणारा मजकूर भरण्यात जात असल्याचे दिसते. महाविद्यालयात आपण सर्वांनी परीक्षेसाठी आठ-आठ पानांचे रुग्णपत्रक लिहिले आहे. दशविध परीक्षा, अष्टविध परीक्षा, स्रोतस् परीक्षा, सारे क्रमवार. विद्यार्थ्याचा हात आणि डोळा तयार व्हावा म्हणून ते योग्यच होते. पण बाजारातील काही संगणकप्रणालींनी तेच पत्रक जसेच्या तसे पडद्यावर उतरविले आणि प्रत्येक रकाना सक्तीचा केला. सर्दीसाठी आलेल्या मुलाचे संहनन व सत्त्व भरल्याविना पुढचे पान उघडत नाही, असा कार्यक्रमही आम्ही पाहिला आहे. अशा ठिकाणी मनुष्य काय करतो? प्रत्येक रकान्यात ‘मध्यम’ लिहून मोकळा होतो. पत्रक भरलेले दिसते, आणि त्यात काहीही नसते.

म्हणून लिहावयास बसण्यापूर्वी हे कोण वाचणार, याचा विचार करावा असे आम्ही सुचवितो. पंधरा दिवसांनी रुग्ण परत आल्यावर आपण स्वतः ते वाचणार. औषध देणारा आजच, पाच मिनिटांत वाचणार. रात्री प्रकृती बिघडून रुग्ण प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात गेला, तर तेथील डॉक्टर वाचणार. आणि घरी गेल्यावर रुग्ण, किंवा त्याच्या घरातील शाळेत जाणारे मूल वाचणार. यांपैकी कोणाच्याही उपयोगी न पडणारी ओळ लिहिली नाही तरी चालते. उपयोगी पडणारी ओळ मात्र, कितीही गर्दी असली तरी, लिहिलीच पाहिजे.

आपल्या भागातील रुग्ण

हा विचार अन्यत्र सोयीचा असेल. आपल्या दोन जिल्ह्यांत तो आवश्यक आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला, पण रुग्ण दोन्हींकडून वैनगंगा ओलांडत असतातच. कोरची-कुरखेड्याचा रुग्ण ब्रह्मपुरीला येतो, अहेरीचा चंद्रपूरला, सिरोंच्याचा तेलंगणात. धान निघाल्यावर पुष्कळ कुटुंबे मिरची तोडण्यासाठी तेलंगणात जातात, उन्हाळ्यात तेंदूपानाच्या हंगामासाठी जंगलात असतात. एकाच चिकित्सकाकडे सलग वर्षभर येणारा रुग्ण हा येथे अपवाद म्हणावा लागेल. त्याने आधी पुजाऱ्याला दाखविलेले असते, आशाताईकडून रक्ताची तपासणी करून घेतलेली असते, मधल्या गावात कोणीतरी सुई दिलेली असते, आणि मग तो आपल्याकडे येतो. यांतील काहीही कागदावर नसते, आणि भाषा मराठी, माडिया, गोंडी, तेलुगू, छत्तीसगढी वा बंगाली यांपैकी कोणतीही असू शकते.

अशा रुग्णात एक ओळ राहून जाणे किती महाग पडते, हे पांडूच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. गडचिरोली हा महाराष्ट्रातील सर्वाधिक हिवतापग्रस्त जिल्हा म्हणून ओळखला जातो आणि दोन्ही जिल्हे सिकलसेलच्या पट्ट्यात येतात. कृमी आणि अपुरा आहार आहेतच. निस्तेज त्वचा, पांढरट जिव्हा, दौर्बल्य व आयासाने श्वास ही लक्षणे घेऊन येणारी सतरा वर्षांची मुलगी यांपैकी कोणत्याही कारणाने पांडू असू शकते, किंवा एकाहून अधिक कारणांनी. सवयीने आपण नवायस लोह किंवा पुनर्नवा मंडूर लिहितो. कारण लोहक्षय असेल तर उत्तम. परंतु ती सिकलसेलग्रस्त असेल आणि तिला वारंवार रक्त चढविले गेले असेल, तर तिच्या शरीरात लोह आधीच साठलेले असण्याचा संभव आहे. तेथे फेरिटिन पाहिल्यावाचून लोहकल्प देणे म्हणजे भरलेल्या घागरीत पाणी ओतणे होय.

शोधनाचे तर विचारूच नये. शरीरातील जलांश कमी होणे, थंडी आणि अतिश्रम यांनी सिकलसेलग्रस्तास तीव्र वेदनेचा झटका येऊ शकतो, हे आता सर्वमान्य आहे. संधिशूल व अस्थिशूल पाहून आमवात किंवा संधिगत वात असे निदान झाले, स्वेदन व विरेचन योजले, आणि रुग्ण मूळचा सिकलसेलग्रस्त निघाला, तर आपलेच कर्म त्याच्या झटक्याचे निमित्त ठरते. नवज्वरातील कडक लंघनही त्यास मानवेल असे नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी व्यक्तींच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले. आपल्याकडे येणाऱ्या पुष्कळ तरुण रुग्णांची तपासणी झालेली असते; त्यांच्या घरी कार्डही असते. ते कार्ड पाहून निष्कर्ष आपल्या पत्रकात उतरविण्यास अर्धे मिनिट पुरते.

शीर्षपट्टी

येथे संगणकाचा खरा उपयोग सुरू होतो. कागदाच्या पत्रकात महत्त्वाची गोष्ट चौथ्या पानावर दडून राहते. संगणकावर ती प्रत्येक भेटीत, पत्रक उघडताच, रुग्णाच्या नावाखाली दिसेल अशी मांडता येते. आम्ही तिला शीर्षपट्टी म्हणतो. निरनिराळ्या प्रणालींत तिला निरनिराळी नावे आहेत आणि बहुतेक प्रणालींत ती सोय असूनही रिकामी पडलेली असते.

या पट्टीत काय असावे? आमच्या मते सिकलसेलची स्थिती प्रथम : ग्रस्त, वाहक, नाही, किंवा तपासणी झालेली नाही. हा चौथा पर्याय विसरू नये. ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांत फरक आहे, आणि रिकामा रकाना या दोहोंचा घोळ करतो. त्यानंतर गर्भावस्था व स्तन्यपान. चालू असलेली आधुनिक औषधे, विशेषतः हायड्रॉक्सियुरिया, मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या, क्षयाचा उपचार. हिवतापाचा उपचार नुकताच झाला असल्यास त्याची तारीख. व्हायव्हॅक्स हिवतापात प्रायमाक्विन १४ दिवस चालते, आणि जी-६-पीडी या विकराची कमतरता असणाऱ्यात त्याने रक्तकण फुटू शकतात. तेव्हा ताप गेल्यानंतर कामला दिसली तर यकृताच्या मार्गाने विचार करण्यापूर्वी ही तारीख पाहावी लागते.

आणि बिब्बा. आपल्या जंगलात बिब्बा सर्वत्र, आणि ज्याला तो उततो त्याला फार उततो. भल्लातक ज्या कल्पांत आहे ते अशा रुग्णास देण्यापूर्वी विचारावयाचा प्रश्न गावातील प्रत्येकास समजतो : ‘बिब्बा उततो का?’ ‘ॲलर्जी आहे का’ असे विचारल्यास उत्तर बहुधा ‘नाही’ असे येते. शब्द रुग्णाचा असला की नोंद खरी होते. याविषयी पुढे आणखी लिहितो.

पट्टी पाच-सहा बाबींहून मोठी करू नये. सर्वच तांबड्या अक्षरांत असले की काहीच तांबडे राहत नाही. काही प्रणाली प्रत्येक औषधाला सावधानतेची सूचना दाखवितात. चार दिवसांत चिकित्सकाचे बोट ती न वाचता मिटविण्यास सरावते. अशा सूचना बंद करून घेता येत असतील तर घ्याव्यात आणि खरोखर थांबविणाऱ्या तेवढ्या ठेवाव्यात.

निदानपंचक आणि रकाने

आता मुख्य मजकुराकडे वळू. आपल्या शास्त्राला रुग्णपत्रकाची रचना बाहेरून आणण्याचे कारण नाही. निदान, पूर्वरूप, रूप, उपशय व संप्राप्ती या पाच पायऱ्या ही नोंदीची उत्तम चौकट आहे. फक्त कोणती पायरी केव्हा भरावयाची हे ठरवावयास हवे. प्रकृती, कोष्ठ, सात्म्य, कुलवृत्त ही माहिती वारंवार बदलत नाही. ती एकदा, शक्यतो दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत, सवड पाहून भरावी. पहिल्याच भेटीत, बाहेर वीस रुग्ण असताना, वेदनेने कण्हणाऱ्या रुग्णाची प्रकृती ठरवू नये. ती चुकण्याचा संभवही अधिक. अग्नी, मल, मूत्र, निद्रा, जिव्हा, नाडी, वजन व ताप ही प्रत्येक भेटीची नोंद. यासाठी पर्याय निवडण्याचे रकाने योग्य, कारण येथे तुलना करावयाची असते. मागील भेटीत जिव्हा साम होती आणि आज निराम आहे, हे एका दृष्टिक्षेपात दिसले पाहिजे.

उपशयाचा रकाना मात्र आमच्या पाहण्यात सर्वाधिक दुर्लक्षित आहे, आणि तोच सर्वाधिक मोलाचा. दिलेल्या औषधाने, आहाराने, विहाराने काय झाले? किती दिवसांत झाले? औषध पूर्ण घेतले काय? पथ्य पाळले काय? पुनर्भेटीची नोंद याच चार प्रश्नांपुरती ठेवली तरी ती परिपूर्ण होते. ‘बरे आहे, तेच पुढे चालू’ ही ओळ लिहावयास सोपी, पण सहा महिन्यांनी तिच्यातून काहीही कळत नाही. ‘तिसऱ्या दिवसापासून झोप लागते, काढा पाच दिवसच घेतला, आंबट सोडलेले नाही’ ही ओळ लिहिण्यास वीस सेकंद अधिक लागतात, आणि पुढचा निर्णय तिच्यावर उभा राहतो.

या संदर्भात संगणकाने आणलेल्या एका वाईट सोयीबद्दल सांगणे आवश्यक आहे. मागील भेटीचा संपूर्ण मजकूर एका कळीने आजच्या भेटीत उतरविता येतो. वेळ वाचतो खरा, परंतु जुलैतील ज्वर नोव्हेंबरपर्यंत पत्रकात राहतो आणि रुग्ण कधीच बरा होत नाही. औषधांची यादी जरूर पुढे उतरवावी. लक्षणे व परीक्षणे मात्र प्रत्येक वेळी नव्याने भरावीत. तपासलेले नसेल तर रकाना रिकामा ठेवावा.

व्याधिनामांविषयी थोडेसे. आयुष मंत्रालयाच्या ‘नमस्ते’ या संकेतस्थळावर २०१७ पासून आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांतील व्याधींच्या प्रमाणित संज्ञा आणि त्यांचे संकेतांक उपलब्ध आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याधिवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत या तिन्ही पद्धतींसाठी स्वतंत्र विभाग करण्यात आला. तो १० जानेवारी २०२४ रोजी नवी दिल्ली येथे प्रसिद्ध झाला. यामुळे ‘आमवात’ हे निदान आता आपल्याच नावाने नोंदता येते. त्यास परभाषेतील व्याधीचे नाव चिकटविण्याची गरज उरलेली नाही. शेकडो संज्ञा पाहून घाबरण्याचे कारण नाही. कोणत्याही चिकित्सालयात दररोज येणारे व्याधी तीस-चाळीसच असतात. त्यांची आपली यादी करून प्रणालीत वर ठेवून घ्यावी. निदान निश्चित झालेले नसेल तर लक्षणाचे नाव लिहावे. संकेतांक मिळतो म्हणून निदान करू नये, एवढे पथ्य पाळावे.

संकेतांकाशेजारी रुग्णाचे एक वाक्य त्याच्याच शब्दांत असावे, असा आमचा आग्रह आहे. ‘अस्थिशूल’ हा शब्द शंभर रुग्णांच्या पत्रकात येईल. ‘थंडीत नदीवर गेले की हाडे फुटल्यासारखी दुखतात, लहानपणापासून’ हे वाक्य एकाच रुग्णाचे असते, आणि वाचणाऱ्याच्या मनात सिकलसेलची शंका तेच उत्पन्न करते. दुभाषा मध्ये असेल, घरातील सून किंवा आशाताई माडियातून मराठीत सांगत असेल, तर तशी नोंद कंसात करावी. दुभाष्याच्या तोंडून आलेल्या ‘नाही’वर फार विसंबू नये, विशेषतः स्त्रियांच्या तक्रारींत.

टंकलेखन

मराठीत लिहावे की इंग्रजीत, हा ज्याच्या त्याच्या सवयीचा भाग. मराठीत लिहावयाचे असेल तर युनिकोडमध्येच लिहावे. पूर्वी छापखान्यांतून व कार्यालयांतून प्रचलित झालेल्या जुन्या टंकांत लिहिलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, परंतु संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची अर्थहीन माळ असते. तीत ‘पांडू’ शोधता येत नाही आणि दुसऱ्या प्रणालीत ती वाचताही येत नाही. ज्यांच्याकडे अशा जुन्या नोंदी आहेत त्यांनी त्या परिवर्तित करून घ्याव्यात. इनस्क्रिप्ट कळफलक शिकण्यास दोन-तीन आठवडे जातात. तेवढा काळ कष्टाचा आहे. लघुरूपांची सोय त्याहून उपयुक्त : दोन अक्षरे टंकताच ‘भोजनोत्तर, कोमट जलाबरोबर’ पूर्ण उमटावे. आपली नेहमीची अनुपाने, मात्रा, पथ्यापथ्याची वाक्ये अशी एकदा बसविली की लिखाण निम्म्यावर येते. मराठीत बोलून लिहिण्याची सोयही आता आहे, परंतु ‘हरीतकी’ व ‘बिभीतकी’ या शब्दांची ती काय दशा करते हे एकदा पाहून मगच तिच्यावर भरवसा ठेवावा.

वजन, ताप, रक्तदाब व शीर्षपट्टीचे प्रश्न साहाय्यकाने बाहेरच भरून घ्यावेत. पडदा आपल्या व रुग्णाच्या मध्ये येऊ नये. तो बाजूस ठेवावा. नाडी पाहताना हात कळफलकावर नसावा, हे सांगावे लागू नये. पण आजकाल सांगावे लागते.

नाव, गाव आणि आभा

एकाच रुग्णाची तीन पत्रके होणे हा आपल्या भागातील नित्याचा प्रकार. एकाच व्यक्तीचे नाव घरी एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि आधारपत्रावर तिसरे असते. आडनावे मोजकी, वय अदमासाचे, आणि भ्रमणध्वनी क्रमांक साऱ्या घराचा मिळून एक. नव्या रुग्णाची नोंद करण्यापूर्वी नाव, गाव व वडिलांचे किंवा पतीचे नाव या तिन्हींनी शोध घ्यावा. गावाबरोबर टोला व तालुका लिहावा. एकाच नावाची गावे अनेक आहेत. आभा क्रमांक असेल तर हा गोंधळ पुष्कळ कमी होतो. तो नसेल तर उपचार अडवू नये. ते कार्ड काढणे ऐच्छिक आहे. या योजनेत रुग्णाच्या नोंदी दिल्लीस जाऊन साठतात असा काहींचा समज आहे. वास्तविक नोंद ज्या चिकित्सालयात झाली तेथेच राहते, आणि रुग्णाने संमती दिल्यावरच ती दुसऱ्यास दिसते.

औषधालयाच्या बाजूने

औषधालयाचे मालकही या पत्रिकेचे वाचक आहेत, आणि आमच्या मते पत्रकाचा सर्वांत तत्पर वाचक तेच. अक्षर न लागल्याने होणारे घोटाळे छापील चिठ्ठीने थांबतात, हा लाभ उघड आहे. मात्र नव्या घोटाळ्यास वाव मिळतो. यादीतून औषध निवडताना शेजारचे नाव निवडले जाते. ‘चंद्रप्रभा’ आणि ‘चंद्रकला’ यादीत एकाखाली एक येतात आणि त्यांची कार्ये निराळी आहेत. औषध देणाऱ्याने निदान व औषध यांचा मेळ बसतो का हे पाहावे आणि शंका आल्यास विचारावे. चिकित्सकाने अशा विचारणेने रागावू नये.

द्रव्यांची नावे हा दुसरा कठीण विषय. ब्राह्मी म्हणून कोठे जलब्राह्मी मिळते, कोठे मंडूकपर्णी. रास्ना म्हणून दक्षिणेकडे कुलिंजनाचे कंद देतात. सिरोंचा-अहेरीकडील दुकानात तेलंगणातून माल आला तर तेथील रास्ना आणि चंद्रपूरची रास्ना एकच असेल असे नाही. संगणकाच्या साठानोंदीत केवळ ‘रास्ना’ न लिहिता वनस्पतीचे शास्त्रीय नाव व पुरवठा कोठून झाला ते एकदा लिहून ठेवावे. औषध लागू पडले नाही, तर आपण निदान तपासतो, मात्रा तपासतो. द्रव्य तपासण्याची वेळ क्वचितच येते, आणि नोंद नसेल तर ते तपासताही येत नाही.

घाऊक क्रमांक व कालमर्यादा दिलेल्या औषधाबरोबर नोंदली जावी. कालमर्यादा कल्पागणिक निराळी असल्याने, चूर्ण आणि आसव एकाच मापाने मोजता येत नाहीत. संगणक हे काम माणसाहून चांगले करतो. अनुसूची ई-१ मधील विषद्रव्ये, उदाहरणार्थ वत्सनाभ, कुपीलू, भल्लातक, ज्या कल्पांत आहेत त्यांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना असते. त्यांची मात्रा व दिवस चिठ्ठीवर पूर्ण अक्षरांत छापावेत. आयुष औषधांच्या अनिष्ट परिणामांची माहिती गोळा करणारी यंत्रणा २०१७-१८ पासून कार्यरत असून तिचे राष्ट्रीय केंद्र नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. तेथे कळवावयाचे तर घाऊक क्रमांक हवाच. सुटे चूर्ण पुडीत बांधून देणाऱ्यांनीही मूळ डब्यावरील क्रमांक पुडीवर लिहावा.

वीज, पूर आणि कागद

भामरागडसारख्या ठिकाणी पर्लकोटेच्या पुराने वर्षानुवर्षे रस्ता तुटत आला आहे, आणि रस्त्याबरोबर वीज व संपर्कही. केवळ इंटरनेट असतानाच चालणारी प्रणाली अशा तालुक्यात घेऊ नये. नोंद संगणकातच साठावी आणि संपर्क मिळाल्यावर पुढे जावी, अशी सोय आहे का हे विकत घेण्यापूर्वी, तार काढून, समोर करून दाखवावयास सांगावे. दररोज एक प्रत वेगळ्या साधनावर घ्यावी, आणि ती प्रत उघडते का हे महिन्यातून एकदा पाहावे.

तरीही रुग्णाच्या हाती कागद द्यावाच. आमच्या मते आपल्या भागात संगणकाचा सर्वांत मोठा उपयोग छापील चिठ्ठीत आहे. मोठ्या अक्षरांत नाव, शीर्षपट्टी, निदान, दिलेली औषधे, पुनर्भेटीची तारीख. एका बाजूस मावेल इतके. मिरचीच्या शेतावर ताप भरला तर खम्मम किंवा वारंगळच्या डॉक्टरला आपला संगणक दिसणार नाही, रुग्णाच्या पिशवीतील कागद दिसेल. म्हणून औषधांची नावे व सिकलसेलची स्थिती इंग्रजीतही छापावी.

गुप्तता

या कागदातूनच एक अडचण उद्भवते. मुलगी सिकलसेल वाहक आहे हे गावात कळले तर तिचे लग्न मोडू शकते. वास्तविक वाहक व्यक्ती सामान्यतः निरोगी असते. दोघेही वाहक असतील तेव्हा प्रत्येक गर्भात अपत्य ग्रस्त होण्याचा संभव २५ टक्के असतो. हे समुपदेशनाचे ज्ञान आहे, चर्चेचा विषय नव्हे. पण पडदा बाकावर बसलेल्या शेजारणीकडे वळलेला असेल, किंवा औषधालयात चिठ्ठी मोठ्याने वाचली गेली, तर ज्ञान गावभर होते आणि समुपदेशन कोणाचेच होत नाही. वाहक असणे चिकित्सेच्या दृष्टीने दररोज लागणारी माहिती नाही. ती शीर्षपट्टीत संक्षिप्त खुणेने ठेवावी, छापील चिठ्ठीवर रुग्णाने मान्य केले तरच घ्यावी. ग्रस्त असल्यास ती चिठ्ठीवर का हवी हे समजावून सांगावे. बहुतेक मान्य करतात. स्त्रीरोग, क्षय व मानसव्याधी यांनाही हाच न्याय. साहाय्यकास स्वतंत्र परवलीचा शब्द द्यावा आणि त्यास दिसणारी माहिती मर्यादित ठेवावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर ही केवळ सभ्यतेची बाब राहिलेली नाही. चिठ्ठीचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरून समूहांत सल्ल्यासाठी पाठविण्याची प्रथा मात्र आमच्या व्यवसायबंधूंत सर्रास आहे. नाव व गाव झाकल्याशिवाय ती पाठवू नये.

नोंदीस प्रश्न विचारणे

आपल्याच जिल्ह्यात नोंदीचे सामर्थ्य काय असते याचा पाठ संगणकापूर्वीच मिळालेला आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत राबविली आणि तुलनेसाठी ४७ गावे ठेवली. नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट झाल्याचा त्यांचा निबंध १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २०११ मध्ये ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारली गेली. या साऱ्याच्या मुळाशी प्रत्येक गावात प्रत्येक जन्म व प्रत्येक मृत्यू हाताने लिहिला जाणे होते. रकाने थोडे होते, पण त्यांतील एकही रिकामा राहू दिला नाही.

आपल्याला संशोधन करावयाचे नसेल. तरी महिन्यातून एक तास संगणकापुढे बसून त्यास दोन-तीन प्रश्न विचारावेत. या पावसाळ्यात ज्वराचे किती रुग्ण पाहिले आणि त्यांपैकी किती जणांची रक्ततपासणी झाल्याची नोंद आहे? पांडू निदान केलेल्या रुग्णांत सिकलसेलची स्थिती ‘तपासणी झालेली नाही’ अशी किती जणांची आहे? लोहकल्प देऊन दोन महिने झालेल्यांत किती जणांचे हिमोग्लोबिन पुन्हा पाहिले गेले? पहिल्या महिन्यात उत्तरे बहुधा समाधानकारक येणार नाहीत, कारण रकाने रिकामे असतील. ती यादी छापून साहाय्यकाच्या हाती द्यावी. त्यांतील जे पुढच्या आठवड्यात येतील त्यांना ‘सिकलसेलचे कार्ड घेऊन या’ एवढा निरोप आधी धाडावा, आणि जे येणार नाहीत त्यांच्या गावच्या आशाताईकडे, रुग्णाची अनुमती असेल तर, चौकशी करावी.